‘टीच’ या क्रियापदाचा अर्थ

‘टीच’ म्हणजे शिकवणे आणि ‘लर्न’ म्हणजे शिकणे, असे आपण शाळेत पाठ करतो. इंग्रजीत ही दोन क्रियापदे रूपाने अगदी निराळी आहेत. ‘टीच’चा प्राचीन इंग्रजीतील एक अर्थ ‘दाखवणे’ असा होता. त्याचे भूतकाळी रूप ‘टॉट’. या क्रियापदाचे कर्म शिकणारी व्यक्ती असू शकते, विषय असू शकतो किंवा दोन्हीही.

उत्तर नायजेरिया आणि दक्षिण नायजर या प्रदेशांत हौसा भाषा बोलली जाते. नायजेरियाची राजभाषा इंग्रजी असल्याने तेथील हौसाभाषक मुलेही आपल्या मुलांप्रमाणेच ‘टीच’चा अर्थ शाळेत शिकतात. हौसात त्याचे भाषांतर प्रसंगानुसार बदलते. ‘ती इंग्रजी शिकवते’ हे ‘ताना कोयार दा तुरांची’ असे होते. येथे विषयाला महत्त्व आहे. ‘त्याने मुलांना इंग्रजी शिकवले’ हे ‘या कोया वा यारा तुरांची’ असे होते. येथे शिकणारा समोर येतो. ‘मुले इंग्रजी शिकत आहेत’ यासाठी ‘यारा सुना कोयोन तुरांची’ म्हणतात. कोयार, कोया, कोयो ही सारी एकाच धातूची रूपे होत.

मराठीचेही तसेच आहे. ‘शिकवणे’ हे ‘शिकणे’चे प्रयोजक रूप. समोरचा शिकावा, असे करणे म्हणजे शिकवणे. व्याकरणातील ही साधी गोष्ट मला फार उशिरा उमगली. ‘पाठ शिकवून झाला’ असे मी टाचणवहीत वर्षानुवर्षे लिहीत आलो. एकदा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहून म्हणाला, “सर, तुम्ही शिकवलं, पण मला आलं नाही.” वर्ग हसला. मला मात्र हसता आले नाही. माझे वाक्य ‘कोयार दा’चे होते, त्यात विषय होता, मूल नव्हते. त्या सायंकाळी वसतिगृहातील अभ्यासिकेत त्याच्याशेजारी बसून तोच पाठ पुन्हा घेतला. वहीतला शेरा त्यानंतरच खरा झाला.

माजी विद्यार्थ्यांनो, याच अभ्यासिकेत तुमच्यापैकी अनेकांनी धाकट्यांना गणिते समजावून दिली आहेत. पालकहो, आपले मूल घरी आले की ‘आज काय शिकवले?’ एवढेच विचारू नका. ‘आज काय शिकलास, काय शिकलीस?’ हेही अवश्य विचारा. आम्हा शिक्षकांच्या कामाची खरी परीक्षा त्या उत्तरात आहे.