कळलावी: फूल बघावं, कंदाला हात लावू नये

हिंगोली जिल्ह्यात पाऊस स्थिरावला की औंढा नागनाथच्या डोंगरउतारांवर, कळमनुरीकडच्या झुडपी रानात आणि शेतांच्या बांधांवर कळलावी वर येते. कुणी तिला खड्यानाग म्हणतं, कुणी वाघनखी. पानांची टोकं वेटोळी होऊन शेजारच्या फांदीला धरतात आणि त्या आधाराने वेल चढते. श्रावण-भाद्रपदात फुलं लागतात. ती आधी हिरवट-पिवळी असतात, मग केशरी होतात आणि शेवटी लालभडक.

या फुलाची ठेवण विलक्षण आहे. फूल खाली झुकतं, पण त्याच्या सहा नागमोडी पाकळ्या उलट्या फिरून वर जातात. सहा पुंकेसर चहूबाजूंनी आडवे पसरतात आणि स्त्रीकेसराची दांडी जवळजवळ काटकोनात वळून एका अंगाला निघते. मध असतो पाकळ्यांच्या बुडाशी. तो पिताना फुलपाखराचे पंख पुंकेसरांना घासतात आणि परागकण पंखांवर चढतात. पुढच्या फुलावर तेच पंख बाजूला आलेल्या स्त्रीकेसराला टेकतात. परागीभवन पंखांवरून कसं होतं, हे दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी याच वनस्पतीवर अभ्यास करून २०२० मध्ये मांडलं.

फुलपाखरांना मध देणारी हीच वेल माणसाच्या जिवावर उठू शकते. कळमनुरी तालुक्यातल्या एका शेतकरी बाईंनी ते घरात पाहिलं. बांध कोरताना निघालेला कंद पोरांनी रताळं समजून जाळावर भाजला आणि त्यांच्या पुतण्याने एक तुकडा खाल्ला.

त्या सांगतात, “सांजपर्यंत पोरगं खेळत होतं. रात्री उलट्या लागल्या, मागोमाग पाण्यासारखे जुलाब. काय खाल्लंस म्हणलं, तर बांधावरचं रताळं म्हणाला. मी बॅटरी घेऊन गेले, उरलेला कंद वेलीसकट पिशवीत घातला आणि पोरासंगं दवाखान्यात नेला. डॉक्टरनी तो बघितला आणि लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवलं.”

मुलगा वाचला. दुसऱ्या आठवड्यात मात्र त्याचे केस मूठमूठ गळाले. ते पुढे परत आले.

याचं कारण कोल्चिसिन. संधिवाताच्या ‘गाऊट’ या प्रकारात डॉक्टर हेच द्रव्य अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीतून मोजून देतात. कंदात ते किती आहे, हे खाणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. कोल्चिसिन पेशींचं विभाजन थांबवतं. म्हणून जिथे पेशी झपाट्याने वाढतात, तिथे पहिला घाव बसतो: आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज, केसांची मुळं. भाजल्याने किंवा उकडल्याने हे विष जात नाही.

म्हणून खुरपणीला किंवा बांध कोरायला जाणाऱ्यांनी कंदाची ओळख करून घ्यावी. तो बोटाएवढा जाड, बहुधा दोन फाट्यांचा, इंग्रजी ‘व्ही’सारखा असतो. वेलीचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद आणि बिया विशेष. घराजवळची किंवा गोठ्याजवळची वेल हातमोजे घालून कंदासकट काढावी. ती जनावरांनाही घातक आहे. दूरच्या रानातली असू द्यावी. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून हा कंद वापरण्याची जुनी रीत आहे. ती कुणी सुचवली तरी ठाम नकार द्यावा.

पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी त्रास सुरू होण्याची वाट पाहू नये. लक्षणं दिसायला कित्येक तास लागतात आणि उपचारासाठी तेच तास मोलाचे असतात. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नये. १०८ ला फोन करावा, वेलीचा तुकडा सोबत न्यावा आणि कधी, किती खाल्लं ते डॉक्टरांना सांगावं. उलट्या थांबल्या म्हणून रुग्णाला घरी आणायची घाई नको. मूत्रपिंड, हृदय आणि रक्तावरचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतरही उमटतो, तेव्हा डॉक्टर सांगतील तितके दिवस दवाखान्यातच राहावं.