उजेड आणि झगमगाट : अर्थच्छटांचा अभ्यास

कोशात समानार्थी म्हणून शेजारी बसणारे शब्द वापरात एकमेकांची जागा घेतातच असे नाही. ‘वाचायला उजेड पुरत नाही’ असे आपण म्हणतो. ‘झगमगाट पुरत नाही’ असे कोणी म्हणत नाही. उजेड वस्तू दाखवतो. झगमगाट स्वतःकडेच लक्ष वेधतो.

या शब्दाची घडण लक्षात घ्या. ‘झगमग’, ‘लखलख’, ‘चकचक’ या अभ्यस्त शब्दांना ‘-आट’ हा प्रत्यय लागून झगमगाट, लखलखाट, चकचकाट ही नामे तयार होतात. हाच प्रत्यय ‘गडगडाट’, ‘कलकलाट’ या ध्वनिवाचक शब्दांतही आढळतो. जणू अतिरिक्त प्रकाश हा डोळ्यांना ऐकू येणारा गलकाच! मात्र कलकलाटाने आपण त्रासतो आणि झगमगाट पाहायला मुलांना मुद्दाम घेऊन जातो. हा फरक केवळ व्याकरणाने उलगडत नाही.

त्यासाठी खानदेशातील उदाहरण घेऊ. दिवाळीच्या आधी जळगावचा सराफ बाजार किंवा धुळ्याचा आग्रा रोड रात्री पाहणारा माणूस विजेचे युनिट मोजत नसतो. 2005 नंतरच्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने तासन्‌तास भारनियमन सोसले. कंदिलाच्या काचेची काजळी पुसून ज्यांनी अभ्यास केला, त्यांना उजळलेला रस्ता म्हणजे चांगले दिवस आल्याची खूण वाटते. कामावरून उशिरा परतणाऱ्या स्त्रीला तोच रस्ता सुरक्षित वाटतो. या ओढीला अडाणीपणा ठरवणारा वैचारिक लेख पहिल्याच परिच्छेदात वाचक गमावतो, असे आमचे मत आहे.

तरीही हिशेब टाळता येत नाही. दुकानाच्या दर्शनी भागावर 100 वॅटचे दहा दिवे पाच तास लावले, तर 5 युनिट वीज लागते. पाच अश्वशक्तीचा कृषिपंप तासाला साधारण पावणेचार युनिट घेतो. म्हणजे एका पाटीची एक संध्याकाळ आणि पिकाला सव्वा तासाहून अधिक पाणी, यांचा खर्च सारखाच. धुळे जिल्ह्यातील साक्रीचा सौर प्रकल्प सूर्यास्तानंतर वीज देऊ शकत नाही. रात्रीचा भार भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रांवर, म्हणजे कोळशावर, अधिक पडतो.

रावेर-यावलच्या केळीबागांत थ्री-फेज वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री येते. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकरी हातात बॅटरी घेऊन, साप-विंचू चुकवत मोटार सुरू करायला जातो. बाजारातील पाटी विझवली म्हणून त्याला लगेच दिवसा वीज मिळेल, असे मात्र लिहू नका. कृषिपंपांच्या वेळा वेगळ्या नियोजनाने ठरतात, आणि घाईने जोडलेला कार्यकारणभाव लेखाचा कणा मोडतो. या दोन रात्री शेजारी ठेवाव्यात. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण वाचकाला आपोआप आठवेल.

आणखी एक गंमत : ‘काय उजेड पाडलास?’, ‘चांगले दिवे लावलेस!’ असा उपरोध मराठीने उजेडावर आणि दिव्यावर बेतला. ‘झगमगाट पाडणे’ असा वाक्प्रचार मात्र रूढ नाही.

कृती : तुमच्या गावातील एका रस्त्याचे रात्री नऊ वाजताचे वर्णन दहा वाक्यांत लिहा. ‘झगमगाट’, ‘लखलखाट’ आणि ‘रोषणाई’ हे शब्द वापरू नका. कोणता दिवा कशासाठी जळतो आहे, तेवढेच सांगा.