सौर वाळवणयंत्र तापत नसल्यास

लख्ख ऊन असतां कांचेच्या झांकणाचें वाळवणयंत्र तापत नाहीं, अशी तक्रार चिकू व मिरची वाळविणाऱ्या बागाईतदारांकडून आम्ही ऐकतों. अर्धवट वाळलेल्या मालास बुरशी येऊन सारे श्रम वायां जातात. म्हणून दोष क्रमानें शोधावा.

प्रथम ताटें काढून यंत्र भर दुपारीं तासभर रिकामें ठेवावें व आंत सावलींत उष्णतामापक टांगावा. बाहेरील हवेहून १५ ते २० अंश सेल्सिअस अधिक उष्णता न दिसल्यास दोष यंत्राचा समजावा. कांच धुवावी, कुंभवली औद्योगिक वसाहतीलगत असल्यानें धूळ लवकर सांचते. आपला अक्षांश सुमारें २० अंश, म्हणून कांचेचा उतारहि तितकाच व दक्षिणेकडे असावा. आंतील काळा रंग उडाला असल्यास पुन्हां द्यावा. दाराच्या फटी बुजवाव्या.

रिकामें तापतें, पण माल भरतांच थंडावतें, तर दोष भरणीचा. ओल्या मालांतील पाण्याची वाफ होतांना उष्णता खर्च होते. काप पातळ करून एकाच थरांत पसरावे. उष्णता कोंडावी म्हणून झरोके बंद करूं नयेत. अडकलेली वाफ कांचेवर थेंब होऊन ऊन अडविते.

यंत्र मोडींत काढण्यापूर्वीं ही तासाभराची परीक्षा अवश्य करावी, अशी आमची सूचना आहे.