गृहविज्ञान : वर्गातून वस्तीकडे

ठाणे शहरातील टेंभी नाका हे नाव उच्चारताच अनेकांना नवरात्र आठवते. १९७८ साली आनंद दिघे यांनी येथे सुरू केलेल्या देवीच्या उत्सवास दरवर्षी दूरदूरच्या गावांतून महिला येतात. ठाणे जिल्ह्यातील जुन्या माणसांच्या मनात मात्र या नाक्याची आणखी एक ओळख आहे. विठ्ठल सायन्ना यांच्या नावाचे जिल्हा रुग्णालय अनेक वर्षे येथेच होते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. तोपर्यंत जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे डोंगराळ तालुके ठाणे जिल्ह्यातच मोडत असत आणि तेथील आजारी बालकांच्या मातापित्यांना जिल्ह्याचे मोठे रुग्णालय म्हणजे टेंभी नाक्यावरचे, एवढेच ठाऊक असे. रुग्णालयात आणलेल्या अशक्त बालकास औषध मिळते. परंतु ते घरी परतल्यावर त्याच्या वाटीत काय पडावे, ही बाब औषधशास्त्राच्या कक्षेबाहेरची आहे. ती गृहविज्ञानाची आहे.

गृहविज्ञान म्हणजे पाककृती आणि भरतकाम, असा समज आजही पुष्कळ ठिकाणी आढळतो. या समजास एक इतिहास आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा जपानमधील महिला विद्यापीठाचा आदर्श त्यांच्यापुढे होता आणि गृहजीवनशास्त्र व आरोग्यशास्त्र या विषयांना त्यांनी अभ्यासक्रमात मानाचे स्थान दिले. मुलींसाठी वेगळा, हलका अभ्यासक्रम कशाला, अशी टीका त्या वेळी झाली. ती सर्वस्वी गैर होती असेही म्हणता येणार नाही. तथापि घर हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, ही दृष्टी तेथून रुजली. पुढे याच विद्यापीठाचे गृहविज्ञान महाविद्यालय मुंबईत जुहू येथे नावारूपास आले. राज्यातील कृषी विद्यापीठांपैकी परभणी येथे १९७६ साली गृहविज्ञान महाविद्यालय निघाले. त्याचे नाव अलीकडे ‘सामुदायिक विज्ञान महाविद्यालय’ असे झाले आहे. नावातील हा बदल अर्थपूर्ण आहे, कारण एका घरापुरता विचार करणाऱ्या या शास्त्राने आता समुदाय हे आपले क्षेत्र मानले आहे.

या विद्याशाखेतील विस्तार शिक्षण विभागाचे काम दुहेरी असते. विद्यापीठात सिद्ध झालेले ज्ञान घरापर्यंत न्यावयाचे आणि घरातील अडचण विद्यापीठापर्यंत आणावयाची. यांपैकी पहिले काम सर्वांना दिसते, दुसरे सहसा दिसत नाही. माझ्या मते पहिल्याचे यश दुसऱ्यावरच अवलंबून असते.

याचा प्रत्यय मला टेंभी नाक्याजवळच्या एका सभागृहात आला. एका महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींनी येऊरच्या पाड्यांवरील महिलांसाठी पोषक आहाराचे प्रात्यक्षिक ठेवले होते. गॅसची शेगडी, वजनकाटा, मापाचे चमचे, रंगीत तक्ते, सारे काही व्यवस्थित मांडलेले होते. विद्यार्थिनी ग्रॅममध्ये बोलत होत्या आणि महिला शांतपणे ऐकत होत्या. ही शांतता म्हणजे आकलन, असा सर्वांचा ग्रह झाला. अखेरीस एक वृद्ध बाई म्हणाल्या, “पोरी, एवढं सामान आमच्याकडं कुठलं? माझ्या वाटीनं किती, ते सांग.” त्या प्रश्नाचे उत्तर कोणापाशीच नव्हते. मी परीक्षकाच्या खुर्चीत बसलो होतो, माझ्यापाशीही नव्हते.

त्या वाटीचा हिशेब येथे थोडा विस्ताराने मांडतो.

बालकास सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधाबरोबर वरचा आहार लागतो. सहा ते आठ महिन्यांच्या बालकास या आहारातून दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी ऊर्जा मिळावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. आपल्याकडील डोंगराळ भागात नाचणी मुबलक आहे, तिच्यात कॅल्शियम भरपूर आहे आणि तिची पेज बालकास देण्याची चालही जुनी आहे. मग अडते कोठे? पीठ शिजले की त्यातील पिष्ट पाणी शोषून फुगते आणि पेज घट्ट होते. दात नसलेल्या बालकास ती गिळता येत नाही, म्हणून आई पाणी घालते. दोनशे मिलिलिटरच्या वाटीत अशा पातळ पेजेतून जेमतेम १० ग्रॅम पीठ, म्हणजे सुमारे ३३ किलोकॅलरी जातात. या हिशेबाने २०० किलोकॅलरींसाठी सहा वाट्या लागतील. सात किलो वजनाच्या बालकाच्या पोटात एका वेळी सुमारे २०० मिलिलिटरच मावते. पोट पाण्याने भरते, बालक रडायचे थांबते आणि आईला वाटते, लेकरू जेवले.

यावरचा उपाय बडोदे येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत डॉ. तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात शास्त्रीय कसोटीवर तपासला. धान्यास मोड आले की त्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते. ते पिष्टाच्या लांब साखळ्या तोडते. घट्ट शिजवलेल्या पेजेत मोड आलेल्या धान्याचे चमचाभर पीठ ढवळले की काही मिनिटांतच ती सैल होते. पाण्याचा एक थेंबही घालावा लागत नाही. त्यामुळे त्याच वाटीत ३० ग्रॅमपर्यंत पीठ मावू शकते, म्हणजे सुमारे १०० किलोकॅलरी. सहा वाट्यांचे काम दोन वाट्यांवर येते. वरून चहाचा एक चमचा तेल घातले तर आणखी ४० किलोकॅलरी मिळतात. केवळ नाचणीवर बालक पोसले जात नाही. वरण, अंडे, भाजी यांची जोड हवीच आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू राहावे.

कृती सोपी आहे, परंतु तिच्यात दोन खाचा आहेत. नाचणी स्वच्छ पाण्यात रात्रभर भिजवावी, फडक्यात बांधून मोड आणावेत, कडक उन्हात वाळवून दळावी. बुरशी दिसल्यास तो घाणा टाकून द्यावा. मोडाचे हे पीठ खरपूस भाजू नये, कारण भाजल्याने विकर नष्ट होते आणि सारे श्रम वाया जातात. आपल्या गृहिणींचा हात नेमका भाजण्याकडे वळतो, कारण भाजलेल्या पिठास वास चांगला येतो. दुसरी गोष्ट अशी की पेज खाली उतरवून किंचित निवल्यावर हे पीठ घालावे, ती सैल झाली की पुन्हा एक उकळी द्यावी. ही उकळी जंतूंच्या बंदोबस्तासाठी आहे, ती टाळू नये. गाळून केलेल्या सत्त्वाविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे. ते पचनास हलके असते, परंतु फडक्यावर राहिलेल्या चोथ्याबरोबर बराच कस निघून जातो.

पुढच्या वर्षी त्याच विद्यार्थिनी पाड्यावरच गेल्या. चूल त्या घरची, पातेले त्या घरचे, वाटीही तीच. पेज करावयाची ती त्या घरच्या बाईने, विद्यार्थिनीने केवळ शेजारी बसायचे. विस्तार शिक्षणात यास पद्धत-प्रात्यक्षिक म्हणतात. त्यानंतर पंधरवड्याने पुन्हा जाऊन पाहणे हा त्याचाच भाग आहे, पण तोच सर्वांत अधिक चुकवला जातो. या दुसऱ्या फेरीतच त्यांना कळले की बालकास भरवणारी व्यक्ती आई नव्हतीच. आई पहाटे कामावर जाई. वाटी असे नऊ-दहा वर्षांच्या बहिणीच्या हातात.

वर्ग मुलांपाशी नेण्याची ही रीत ठाणे जिल्ह्यास नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडी पाड्याच्या अंगणात भरवली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यातील ‘अंगणवाडी’ हा शब्द उच्चारताना ते अंगण आपल्याच मुलखातले होते, याचे स्मरण ठेवावयास हवे. त्याच मुलखात, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे, १९९२ साली झालेल्या बालमृत्यूंनी सारे राज्य हादरले, हेही विसरता येत नाही.

शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. जिल्हा परिषद शाळेतील व आश्रमशाळेतील पाचवी-सहावीच्या मुलींना, आणि मुलांनाही, ही पेज करावयास शिकवावी. घरी बालकास भरवणारे हात तेच आहेत. विज्ञानाच्या तासाला दोन पेल्यांत घट्ट पेज घेऊन एकात मोडाचे पीठ ढवळावे. मुलांच्या डोळ्यांदेखत एक पेला सैल होतो. याहून चांगला प्रयोग पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल.

टेंभी नाक्यावरील नवरात्राचाही येथे उपयोग आहे. इतक्या महिला एके ठिकाणी येतात आणि त्यांतील अनेकींचा उपवास असतो. उपवास सोडा असे सांगणारा विस्तार कार्यकर्ता त्याच क्षणी श्रोते गमावतो. साबुदाण्यात शंभर ग्रॅममागे प्रथिने जवळजवळ नसतातच, राजगिऱ्यात ती सुमारे १३-१४ ग्रॅम आणि शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. खिचडीत दाण्याचे कूट सढळ घाला आणि दोन दिवसांआड राजगिऱ्याची भाकरी करा, असे म्हटले तर व्रतही राहते आणि अंगात ताकदही.

पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी लक्ष द्यावे अशी एक अडचण उरते. नवी नाचणी घरात येते ती दसरा-दिवाळीच्या सुमारास. दिवाळी सरली की कातकरी, वारली कुटुंबे भिवंडी-कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर निघून जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे धान्य घरात, ऊन कडक आणि माणसे गावात, असे दोन-तीन आठवडेच मिळतात. नेमकी त्याच काळात महाविद्यालयांना दिवाळीची सुट्टी असते आणि विद्यार्थिनींची शिबिरे पडतात डिसेंबर-जानेवारीत, पाडे ओस पडल्यावर. शिबिराच्या तारखा ठरवण्यापूर्वी विभागप्रमुखांनी ग्रामपंचायतीस एक पत्र पाठवून विचारावे आणि ग्रामपंचायतीने त्या पत्रास उत्तर द्यावे. ते न जमल्यास शिबिर भट्टीवर भरवावे. तेथेही चूल असते, वाटी असते आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेतलेली बहीणही असते.