फॉरमॅट मारण्याआधी

पुणे

चि. भाचीबाईस,

तुझा प्रश्न पोचला. लॅपटॉप चालू व्हायला वेळ लावतो, मधेच अडकतो, आणि होस्टेलवर सगळ्यांचं एकमत झालंय की तापकीर गल्लीत नेऊन सरळ फॉरमॅट मारून घ्यावा. त्या गल्लीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण फॉरमॅट हा उपाय झाला, ते निदान नव्हे, आणि निदानाआधी केलेला उपाय लागू पडला तरी का पडला हे कळत नाही. दुकानदाराला मी दोष देणार नाही. समोर गिऱ्हाईक उभं, मागे मशिनांची रांग, अशा वेळी कारण शोधत बसण्यापेक्षा सगळं पुसून नव्याने विंडोज टाकणं त्याला परवडतं. वेळ ठरलेला, पैसे ठरलेले, आणि मशिन घरी नेताना चकाचक दिसतं. तुझा हिशेब वेगळा आहे. दोन वर्षांच्या नोट्स, प्रोजेक्टच्या फायली, बसवून घेतलेली सॉफ्टवेअर्स, सगळं त्या डिस्कवर आहे, आणि बिघाडाचं कारण तिथंच राहिलं तर महिन्याभरात तू पुन्हा त्याच दुकानात उभी असशील. म्हणून माझा आग्रह असा की ती काळी खिडकी, टर्मिनल म्हण किंवा कमांड प्रॉम्प्ट म्हण, तू शिकून घे. इंजिनिअर दिसण्यासाठी नको. तिथं काही मिळवायचं तर आधी नेमका प्रश्न विचारावा लागतो, म्हणून शिक.

तुझंच दुखणं घेऊ. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून टर्मिनल उघड आणि 'गेट-फिजिकलडिस्क' एवढं टाइप करून एंटर दाब. (आज्ञा मी इथे नागरीत लिहिते आहे, टाइप करताना त्या अर्थातच रोमनमध्ये, मधल्या आडव्या रेघेसकट.) एक छोटा तक्ता येईल. त्यातले दोन रकाने वाच: 'मीडियाटाइप' आणि 'हेल्थस्टेटस'. पहिल्यात एचडीडी असं आलं तर तुझ्या लॅपटॉपात फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क आहे. आजचं विंडोज अशा डिस्कवर रखडतंच. फॉरमॅट मारलास तर चार दिवस बरे जातील आणि मग ये रे माझ्या मागल्या. तिथं खरा उपाय म्हणजे एसएसडी बसवून घेणं, आणि ते काम तापकीर गल्लीत उत्तम होतं. दुसऱ्या रकान्यात हेल्दीऐवजी वॉर्निंग आलं तर डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे असं समज. अशा वेळी फॉरमॅटसारखा अविचार दुसरा नाही. आधी फायली दुसरीकडे काढून घ्यायच्या, बाकी सगळं मागाहून. आणि एसएसडी असून हेल्दी असेल, तर संशय डिस्कवरून बराचसा उठतो. बराचसा म्हणते, कारण हेल्दी म्हटलेली डिस्कसुद्धा कधी कधी दगा देते. मग मेमरीकडे वळायचं: 'गेट-प्रोसेस' म्हटलं की चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमची यादी येते, तिच्यापुढे उभी रेघ मारून 'सॉर्ट-ऑब्जेक्ट डब्ल्यूएस -डिसेंडिंग' जोडलं की जास्त मेमरी खाणारे वर येतात, आणखी एक रेघ मारून 'सिलेक्ट-ऑब्जेक्ट -फर्स्ट १०' म्हटलं की वरचे दहाच उरतात. ती उभी रेघ म्हणजे पाइप. बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांची ही कल्पना १९७३ मध्ये युनिक्समध्ये आली: एका आज्ञेचं उत्तर थेट दुसरीच्या हाती द्यायचं. एवढा जुना विचार मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये पॉवरशेल काढताना उचलला, यावरूनच त्याची पत कळते.

यावर तू म्हणशील, मावशी, हे सगळं टास्क मॅनेजरमध्येही दिसतं की. दिसतं, आणि दिसत असेल तर खुशाल तिथं बघ. माऊसशी माझं वैर नाही. पण खिडक्यांतून मिळणारं उत्तर डोळ्यांसमोरून निघून जातं, टर्मिनलमधलं उत्तर मजकूर म्हणून हातात राहतं. ते कॉपी करून मला पाठवता येतं, फाइलीत साठवता येतं, पुढच्या महिन्यात तीच आज्ञा चालवून शेजारी ठेवून ताडता येतं. 'लॅपटॉप हँग होतो' हे वाक्य कोणाच्याच कामाचं नाही. तो दहा ओळींचा तक्ता कोणाही जाणकाराच्या कामाचा आहे. शिवाय खिडक्यांची मांडणी दर आवृत्तीत बदलते. काल कंट्रोल पॅनेलमध्ये होतं ते आज सेटिंग्जमध्ये तीन पायऱ्या खाली गेलेलं असतं. 'पिंग' ही आज्ञा मात्र माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिली आणि तुझ्या लॅपटॉपवर आजही त्याच नावाने तेच काम करते. एकदा शिकलेलं चाळीस वर्षं टिकावं असं संगणकात फार थोडं आहे.

आणि ज्या दिवशी खिडक्या उघडतच नाहीत त्या दिवसाचं काय? १९ जुलै २०२४ आठव. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली विंडोजची मशिनं निळ्या पडद्यावर जाऊन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. कंपनीने ते अपडेट तास-सव्वा तासात मागे घेतलं, पण पडलेल्या मशिनांना त्याचा उपयोग नव्हता, कारण नवीन फाइल घेण्याइतका वेळ ती चालूच राहत नव्हती. उपाय काय निघाला? सेफ मोडमध्ये किंवा रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये जायचं, ड्रायव्हर्सच्या फोल्डरात कंपनीच्या नावाचं फोल्डर गाठायचं, आणि सी-०००००२९१ ने सुरू होणारी फाइल पुसायची. एवढंच. फॉरमॅट नाही, नवीन विंडोज नाही, एक फाइल. ज्यांना 'सीडी', 'डीआयआर' आणि 'डेल' या तीन आज्ञा येत होत्या त्यांची मशिनं त्याच दिवशी उभी राहू शकत होती. मात्र ज्यांच्या डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप होतं त्यांना आधी रिकव्हरी की लागायची, आणि बऱ्याच जणांची गाडी तिथंच अडली.

नेटचं उदाहरण तुला जास्त जवळचं वाटेल. 'वायफाय लागलंय पण नेट नाही' ही तक्रार होस्टेलवर रोजची. पुण्यात रस्ता कुठे ना कुठे खोदलेला असतोच, त्यामुळे केबल तुटली असं म्हणायला सगळे मोकळे. पण केबल, राउटर, तुझा लॅपटॉप आणि नाव-पत्ता सांगणारा डीएनएस या चार वेगवेगळ्या जागा आहेत, आणि कुठे तुटलं ते मिनिटात कळतं. 'आयपीकॉन्फिग' चालव. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने तुला पत्ताच दिलेला नाही, विंडोजने आपल्या मनाने एक लावून घेतलाय. बाहेर केबल शाबूत आहे की नाही हा प्रश्न अजून आलेलाच नाही. पत्ता ठीक असेल तर 'डिफॉल्ट गेटवे' समोरचा आकडा घेऊन त्याला पिंग कर. विंडोज चार पॅकेट पाठवतं आणि किती परत आली ते सांगतं. चारही आली तर राउटरपर्यंतची वाट मोकळी. मग बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग कर. तिथूनही उत्तर आलं तर बाहेरची केबलसुद्धा निर्दोष. आता 'एनएसलुकअप' पुढे एखाद्या साइटचं नाव टाक. तिथं अडलं तर बिघाड डीएनएसचा, आणि तो सेटिंगमध्ये बदलता येतो. काही कॉलेजांच्या नेटवर्कवर पिंगला मुद्दाम बंदी असते, म्हणून उत्तर न येणं हा एकट्याने पुरावा धरू नकोस. पण हे चार निकाल हाताशी ठेवून नेटच्या कंपनीला फोन केलास तर 'राउटर बंद करून चालू करा' या पहिल्या वाक्याच्या पुढे बोलणं जातं, हे नक्की.

आईचा आक्षेप मला न विचारताही ठाऊक आहे: काहीतरी भलतंच दाबलं गेलं तर? आक्षेप रास्त आहे. 'डेल'ने पुसलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही. 'डिस्कपार्ट'मध्ये 'क्लीन' म्हटलंस तर निवडलेल्या डिस्कची मांडणी कसलाही प्रश्न न विचारता उडते. डिस्क शून्य की एक एवढी चूक पुरते. पण यातून निघतं काय? आज्ञांचे दोन वर्ग वेगळे ओळखायला शीक, एवढंच. आतापर्यंत मी तुला सांगितलेल्या आज्ञा, ती क्राउडस्ट्राइकवाली पुसण्याची आणि आत्ताची 'क्लीन' सोडली तर, नुसत्या विचारणाऱ्या आहेत. त्या शंभर वेळा चालवल्यास तरी मशिनला ओरखडा उठणार नाही. बदल करणाऱ्या आज्ञा वेगळ्या, आणि पुष्कळदा फरक एका अक्षराचा असतो: 'चेकडिस्क' (टाइप करताना सीएचकेडीएसके) साधी चालवली तर ती दोष नुसते सांगते, पुढे '/एफ' लावलं तर दुरुस्त करायला घेते, आणि सी ड्राइव्हसाठी रीस्टार्ट मागते. पॉवरशेलच्या बऱ्याच बदलणाऱ्या आज्ञांना '-व्हॉटइफ' लावता येतं; मग आज्ञा काय करणार होती ते सांगते आणि थांबते. पहिलं वर्षभर तू फक्त विचारत राहिलीस तरी माझ्या दृष्टीने पुष्कळ झालं. 'एसएफसी /स्कॅननाऊ' आणि 'डिझम'ची लांबलचक आज्ञा लोक कुठल्याही दुखण्यावर रामबाण म्हणून चालवतात, हे मला फॉरमॅटचंच धाकटं भावंड वाटतं. एसएफसी विंडोजच्या मूळ फायली तपासते आणि बिघडलेल्या जागी साठ्यातली चांगली प्रत आणून ठेवते. तो साठाच खराब असेल तर डिझम तो आधी दुरुस्त करते. विंडोजच्या फायली बिघडल्याचा संशय असेल तर दोन्ही उत्तम. डिस्क मरायला टेकली असेल तर दोन्ही निरुपयोगी.

आता तुझ्या पिढीचा आक्षेप, आणि तो सगळ्यात वजनदार आहे: आज्ञा पाठ कशाला करायच्या, एआयला लक्षण सांगितलं की तो आज्ञा लिहून देतो, आपण चिकटवायची. पाठ करू नकोसच. विसरलं तर 'गेट-हेल्प' आहे, जुन्या आज्ञांपुढे '/?' आहे, लिनक्सवर 'मॅन' आहे. पण चिकटवण्याआधी वाचता आलं पाहिजे. याच सवयीवर २०२४ पासून क्लिकफिक्स नावाची फसवणूक पोसली गेली. 'मी रोबो नाही' अशा धर्तीचं खोटं पान उघडतं, आणि खात्री पटवण्यासाठी विंडोज आणि आर, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर दाबा म्हणतं. क्लिपबोर्डवर त्या पानाने आधीच एक पॉवरशेलची आज्ञा ठेवलेली असते; ती बाहेरून चोरटा प्रोग्रॅम उतरवते, आणि तो पासवर्ड घेऊन जातो. अँटिव्हायरसला कित्येकदा पत्ता लागत नाही, कारण दार मालकाने स्वतः उघडलेलं असतं. एआय मुद्दाम फसवणार नाही, पण तुझी डिस्क कोणती हे त्याला दिसत नाही, तुला दिसतं. त्यामुळे त्याने दिलेल्या आज्ञेतल्या ज्या शब्दाचा अर्थ तुला सांगता येत नाही, त्याचा अर्थ त्यालाच आधी विचार. तोवर एंटर नाही.

'मी स्टॅटिस्टिक्सची, मला हे कशाला' असं म्हणायची सोय पुण्यात तरी नाही. सी-डॅक इथं १९८८ मध्ये उभी राहिली, १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक इथंच तयार झाला. आज आयसरमध्ये परम ब्रह्म आहे, पाषाणच्या आयआयटीएममध्ये हवामानासाठी २०२४ पासून अर्का आहे. अशा यंत्रांत शिरायचं ते टर्मिनलमधून. काम रांगेत लावायचं तेही टर्मिनलमधूनच. उद्या तुझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाला अशा यंत्रावर वेळ मिळाला तर माऊस तिथं फारसा कामाला येणार नाही. आणि नुसत्या दुरुस्तीचाच विचार केलास तरी क्विक हीलचं उदाहरण याच गावातलं आहे. कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून वर आले, १९९३ मध्ये त्यांनी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस काढली. धाकटे बंधू संजय कॉम्प्युटर सायन्स शिकत होते, त्यांनी व्हायरस काढणारे छोटे प्रोग्रॅम लिहायला घेतले, आणि त्यातून डॉसवर चालणारं पहिलं क्विक हील निघालं. २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. व्हायरसवर डिस्क पुसणं तेव्हाही सोपंच होतं. त्यांनी व्हायरस फाइलीत नेमका कुठे बसतो हे शोधलं.

फॉरमॅट कधीच मारू नये असं मी म्हणत नाही. लॅपटॉप विकायचा असेल, चोरटा प्रोग्रॅम खोलवर शिरला असेल, किंवा सगळं तपासूनही कारण हाती लागलं नसेल, तर पुसणंच शहाणपणाचं. पण ते शेवटी, आणि फायली बाहेर काढल्यावर. त्यासाठी एक काम आजच कर. विंडोज ११ वर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलेलं असलं की डिस्क पुष्कळदा आपोआप कुलूपबंद झालेली असते, आणि मालकाला ते माहीतही नसतं. अ‍ॅडमिन म्हणून टर्मिनल उघडून 'मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:' चालव. ४८ अंकी आकडा आला तर तीच रिकव्हरी की; तो वहीत उतरवून घे, लॅपटॉपच्या बॅगेत नको, कपाटात ठेव. मशिन बंद पडल्यावर तो आकडा नसेल तर दुकानदारही तुझ्या फायली काढू शकणार नाही आणि मीही नाही.

तुझी,
मावशी