अर्ज पाठवला... आता पुढे काय?

मित्रांनो, इंटर्नशिपसाठी बायोडाटा कसा लिहावा यावर सीनियर्स भरभरून बोलतात. पण अर्ज गेल्यानंतर काय करायचं, हे कुणीच सांगत नाही. मला ते एक अख्खी सुट्टी वाया घालवून कळलं.

सेकंड इयरला असताना फेब्रुवारीत मी एका रात्रीत सतरा कंपन्यांना मेल टाकले आणि निवांत झालो. मार्च गेला, एप्रिल गेला, उत्तर नाही. 'सारखं विचारलं तर साहेब लोकांना राग येईल' या भीतीने मी कुणालाच विचारलं नाही. बाबांनी माझ्या दोन महिन्यांच्या राहण्या-जेवणाचे पैसे बाजूला काढून ठेवले होते. मे महिन्यात ते त्यांनी काही न बोलता परत कपाटात ठेवले.

जूनमध्ये एका सीनियरबरोबर त्यातल्याच एका कंपनीत जायचा योग आला. तिथल्या ट्रेनिंग विभागातल्या साहेबांनी माझा मेल शोधून काढला आणि म्हणाले, "अरे, तुझा अर्ज बघितला होता मी. कॉलेजचं पत्र जोडलेलं नव्हतं, म्हणून बाजूला ठेवला. म्हटलं, विचारेल हा. तू विचारलंच नाहीस!" म्हणजे माझा नंबर हुशारीत नव्हता गेला, एका कागदात गेला होता.

त्या दिवशी एक गोष्ट पक्की कळली. उत्तर न येणं म्हणजे नकार नव्हे. मार्चमध्ये कंपन्यांत आर्थिक वर्षअखेरीची धावपळ असते, एप्रिलमध्ये नव्या वर्षाचं नियोजन. आपला मेल वाचला जातो, 'नंतर बघू' म्हणून राहतो आणि खाली जातो. तो वर आणणं म्हणजे पाठपुरावा. थर्ड इयरला मी तो कसा केला, ते क्रमाने सांगतो.

१) वही करा. एका पानावर सहा रकाने : कंपनी, अर्जाची तारीख, कुणाला पाठवला, काय काय जोडलं, उत्तर आणि पुढची तारीख. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो रिकामा असेल तर अर्ज विसरला गेला असं समजा.

२) पहिली आठवण कामाच्या सात ते दहा दिवसांनी. नवा मेल लिहू नका. आपल्याच जुन्या मेलला रिप्लाय करा, म्हणजे मूळ अर्ज खालीच दिसतो. मजकूर चार ओळींचा : मी कोण, कुठल्या तारखेला अर्ज केला, कुठल्या तारखांना मोकळा आहे आणि आणखी कुठला कागद हवा आहे का. हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. माझं घोडं तिथेच पेंड खात होतं! बायोडाटा आणि कॉलेजचं पत्र पुन्हा जोडा. फाइलला स्वतःचं नाव द्या. 'फायनल न्यू टू' नावाची फाइल कोण शोधणार?

३) मग फोन. आणखी आठवडाभर वाट पाहून फोन करा. सकाळी अकराच्या सुमारास केलेला बरा. शिफ्ट बदलायची वेळ आणि महिनाअखेर टाळा, तेव्हा माल पाठवायची घाई असते. आणखी एक, भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मी पहिले तीन फोन गुरुवारीच केले आणि 'कुणी उचलतच नाही' म्हणून रडत बसलो!

बोलायचं काय, हे कागदावर लिहून ठेवा. "नमस्कार सर, मी थर्ड इयर मेकॅनिकलचा विद्यार्थी. ५ तारखेला समर ट्रेनिंगसाठी अर्ज पाठवला होता. दोन मिनिटं बोलू का?" समोरचे 'आत्ता नको' म्हणाले तर 'कधी करू?' एवढंच विचारा आणि सांगितलेल्या वेळेलाच करा. फोन उचलणाऱ्या ऑपरेटर मॅडमशी आणि गेटवरच्या सिक्युरिटी काकांशीही अदबीने बोला. योग्य माणसाचं नाव मला गेटवरच कळलं.

४) तिसरी आठवण शेवटची. त्यात स्पष्ट लिहा : 'यंदा जागा नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल.' नकार कळवणं सोपं केलं की उत्तर येतं. त्यानंतर थांबा. रोज फोन करणं, साहेबांच्या घरच्या नंबरवर गाठणं, ओळखीच्या काकांकडून दबाव आणणं हा पाठपुरावा नाही, पिच्छा पुरवणं आहे.

५) संशोधन संस्थांचा हिशोब वेगळा. बंगळूरची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस इतर दोन विज्ञान अकादम्यांसह उन्हाळी संशोधन फेलोशिप देते. तिथे अर्ज ऑनलाइन असतो आणि शिक्षकांचं शिफारसपत्रही लागतं. अशा ठिकाणी निवड ठरलेल्या पद्धतीने होते, त्यामुळे ऑफिसला फोन करून उपयोग नाही. पाठपुरावा करायचा तो आपल्याच सरांचा! शेवटच्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी त्यांना बायोडाटा द्या, मधे एकदा आठवण करा, पत्र गेलं की आभार माना. सरांनाही सबमिशन्स आणि पेपर तपासणी असते.

६) 'हो' आल्यावर. चोवीस तासांत होकार कळवा. रुजू व्हायची तारीख, वेळ, सेफ्टी शूज लागतात का, हे लेखी विचारून घ्या. आणि उरलेल्या कंपन्यांना 'माझं दुसरीकडे ठरलं, आभारी आहे' असा मेल टाका. हे बहुतेक जण विसरतात. पण पुढच्या वर्षी त्याच साहेबांकडे आपल्याच कॉलेजचा ज्युनियर अर्ज करणार असतो.

माझा निकाल सांगतो. थर्ड इयरला अकरा अर्ज केले. चार ठिकाणांहून शेवटपर्यंत काही आलं नाही, पाचांनी नाही म्हटलं, दोघांनी हो. त्यातलं एक 'हो' तिसऱ्या आठवणीनंतर आलं, आणि मी तिथेच सहा आठवडे काढले. पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं, "तीनदा मेल करणारा तूच ना?" माझा चेहरा पडला. ते हसून म्हणाले, "बरं झालं केलेस. पहिले दोन मी वाचलेच नव्हते."

त्या वेळी बाबांनी कपाटातले पैसे पुन्हा बाहेर काढले, तेव्हाही काही बोलले नाहीत. फक्त मोजून एक नोट जास्त ठेवली.

तेव्हा मित्रांनो, अर्ज पाठवून झोपी जाऊ नका. आजच वही काढा आणि शेवटचा रकाना भरा. ऑल द बेस्ट!