तबकडीतले स्वर

अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी फर्दापूर नावाचे गाव आहे. लेणी पाहावयास येणारे पुष्कळ प्रवासी येथे मुक्काम करतात. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाचे एक चित्र आहे. त्यात एक नर्तकी नृत्यात रंगून गेली आहे आणि तिच्याभोवती स्त्रिया वाद्ये वाजवीत आहेत. सुमारे दीड हजार वर्षे लोटली, तरी त्या नर्तकीचा डौल आपणांस दिसतो. परंतु तेथील बासरीतून कोणता सूर निघत होता, हे कोणालाही सांगता येणार नाही. कुंचल्याने रूप राखले. स्वर मात्र वाऱ्यावर विरून गेला.

विरणारा स्वर धरून ठेवता येईल काय? एडिसनने 1877 साली या प्रश्नाचे उत्तर शोधले. आपण बोलतो तेव्हा हवा कंप पावते. त्या कंपाने एक पातळ पडदा थरथरतो आणि पडद्याला जोडलेली सुई फिरत्या पत्र्यावर खाचा उमटवते. त्याच खाचांवरून सुई पुन्हा फिरविली की पडदा पूर्वीसारखाच थरथरतो आणि बोललेले शब्द ऐकू येतात. एडिसनने यासाठी नळकांडे वापरले. बर्लिनर याने 1887 साली त्याऐवजी सपाट तबकडी घेतली. साच्यावरून नाणी पाडावीत, तशा एका तबकडीच्या हजारो प्रती त्यामुळे काढता येऊ लागल्या.

असे हे ग्रामोफोन यंत्र हळूहळू घरोघरी आले. लाकडी पेटी, तिच्यावर फिरणारे चाक आणि फुलासारखा उमललेला कर्णा, असे त्याचे रूप होते. बाजूची किल्ली पिळली की आतील कमान चाक फिरवी. विजेची गरज नसल्याने खेड्यांतही ते वाजत असे. तबकडी लाखेची असल्याने हातातून निसटली की तिचे तुकडे होत. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे.

ग्रामोफोन कंपनीने 1902 साली कलकत्त्यास गायिका गौहर जान हिचे गाणे मुद्रित केले. पुढे कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा हे या कंपनीचे चिन्ह सर्वांच्या ओळखीचे झाले. 1935 साली मुंबईत एक स्वदेशी कंपनीही निघाली. वडाळ्याच्या तिच्या कारखान्यातून ‘यंग इंडिया’ या नावाच्या तबकड्या बाहेर पडू लागल्या.

परंतु घटका घटका एकच राग आळविणाऱ्या गवयाने तीन मिनिटांत काय गावे? कोल्हापूर दरबारचे थोर गायक अल्लादिया खाँ यांनी आपले गाणे मुद्रित होऊ दिले नाही. 1946 साली ते निवर्तले. त्यांच्या गायकीची कीर्ती उरली; आवाज उरला नाही. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी मात्र काही मोजक्या तबकड्या दिल्या.

यंत्रात सुधारणा होतच गेल्या. 1948 साली सावकाश फिरणारी मोठी तबकडी निघाली आणि तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणे मावू लागले. आपणांस कान दोन आहेत. म्हणूनच आवाज उजवीकडून आला की डावीकडून, हे आपण ओळखतो. हे ध्यानी घेऊन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने 1931 साली एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन निरनिराळे ध्वनी कोरण्याची युक्ती काढली. अशा तबकड्या 1958 च्या सुमारास बाजारात आल्या. घरात दोन ध्वनिक्षेपक मांडले की तबला एका बाजूस आणि सतार दुसऱ्या बाजूस वाजत असल्याचा भास होई. यालाच ‘स्टिरिओ’ म्हणतात. पुढे फिलिप्स कंपनीने 1963 साली आणलेली सुटसुटीत कॅसेट लोकप्रिय झाली आणि अनेक घरांतील तबकड्या माळ्यावर गेल्या.

तरीही तबकडीचा एक मोठा मान राहिलाच होता. 1977 साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन अंतराळयाने सोडली. त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी ठेवली होती. ती वाजविण्यासाठी सुईदेखील सोबत दिली होती. जगातील निवडक संगीतात भारताचे एकच गाणे होते, ते केसरबाईंनी गायिलेल्या भैरवीचे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाईंचे निधन झाले. आज ती दोन्ही याने ग्रहमालेच्या पलीकडे गेली आहेत.

गुरूचा आवाज पृथ्वीवर कोठेही उरला नाही. शिष्येचा आवाज ताऱ्यांच्या वाटेवर आहे. घरात जुनी तबकडी सापडली, तर ती मोडीत टाकण्यापूर्वी तिच्यावरील नाव अवश्य वाचावे. कदाचित तो आवाज अन्यत्र कोठेही उरलेला नसेल.

शब्दार्थ
डौल – ऐट, मोहक ढब. कमान – यंत्रातील गुंडाळलेली पोलादी पट्टी. घटका – चोवीस मिनिटांचा काळ. निवर्तणे – मरण पावणे.

अभ्यास
1. नळकांड्यापेक्षा तबकडी अधिक सोयीची का ठरली?
2. अल्लादिया खाँ यांनी आपले गाणे मुद्रित होऊ दिले नाही. त्याचा परिणाम काय झाला?
3. ‘स्टिरिओ’ म्हणजे काय, ते आपल्या शब्दांत सांगा.
4. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणच्या तबकड्यांविषयी विचारा व दहा ओळी लिहा.